चालणाऱ्यांचे लेखाशीर्ष

सायकलमार्ग म्हटला की मराठी वाचकाला पुण्यातला टपऱ्यांनी आणि उभ्या गाड्यांनी गिळलेला पट्टा आठवतो, नाहीतर मुंबईतल्या पवई तलावाकाठचा तो मार्ग, जो मे २०२२मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला आणि काढून टाकायला लावला. गडचिरोली म्हटले की त्याच वाचकाच्या तोंडी लगेच येते, "तिथे आधी रस्ते हवेत." या दोन प्रतिक्रिया वेगवेगळ्या वाटतात, पण त्यांच्यामागे एकच समजूत आहे. चालणे आणि सायकल हा पोट भरलेल्या शहराचा आरोग्यविषयक छंद, आणि जंगलातल्या जिल्ह्यांचा प्रश्न म्हणजे डांबर किती किलोमीटर पडले.

ही समजूत उथळ आहे असे माझे मत आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत पायी चालणे आणि सायकल ही रोजची, मुख्य वाहतूक आहे. तिच्यावर सार्वजनिक पैसा जवळपास खर्च होत नाही, कारण आपला खर्च माणसांच्या हिशेबाने ठरत नाही, वाहनांच्या हिशेबाने ठरतो. म्हणून या जिल्ह्यांत पायवाटा, सायकलवाटा आणि नाल्यांवरचे छोटे पूल यांसाठी वेगळे लेखाशीर्ष हवे, आणि कोणते काम करायचे हे ग्रामसभेने ठरवायला हवे. रस्त्यांना माझा विरोध नाही. रस्ता झाला की चालणाऱ्याचे आपोआप भले होते, या गृहीतकाला आहे.

१. मोजणीतून गळलेली माणसे

आधी हे पाहू की चालणारा माणूस सरकारी कागदावर कसा नाहीसा होतो. २०११च्या जनगणनेत लोक कामावर कसे जातात हा प्रश्न विचारला गेला होता. पायी, सायकलने, बसने, मोटारसायकलने, आणि किती अंतर. पण तो विचारला फक्त 'इतर कामगारां'ना. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले लोक त्यातून वगळले होते. ज्या जिल्ह्यात बहुसंख्य लोक धानाच्या बांध्यांत आणि जंगलात राबतात, तिथे याचा अर्थ असा की बहुसंख्य कामगारांचा प्रवास मोजलाच गेला नाही. रोवणीला दुसऱ्या गावी चालत जाणारी बाई, तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे जंगलात शिरणारे कुटुंब, मोहफुलांचे पोते सायकलच्या दांड्यावर टाकून बाजाराला निघालेला माणूस, यांपैकी कुणीही वाहतुकीच्या आकडेवारीत नाही.

त्यापुढचा टप्पा वाहतूक गणनेचा. रस्ता रुंद करायचा की नाही हे ठरवताना त्यावरून किती वाहने जातात हे पाहतात. या पद्धतीत खनिजाच्या एका ट्रकचे वजन शाळेत जाणाऱ्या मुलींच्या अख्ख्या घोळक्यापेक्षा जास्त भरते. मग एटापल्ली–आलापल्ली भागातला रस्ता सुरजागडच्या लोहखाणीतल्या ट्रकांनी उखडला की तो दुरुस्त करण्याची निकड सगळ्यांना पटते, आणि त्याच रस्त्याच्या कडेने धूळ खात चालणाऱ्याला कडेची दोन हात जागा हवी, ही मागणी कुणाच्या टेबलावर पोचत नाही. लोहखनिजाला आता हेडरी ते कोनसरी स्वतःची नळवाहिनीसुद्धा मिळाली आहे. खनिजासाठी वेगळी वाट असू शकते हे आपल्याला किती पटकन सुचले, एवढेच इथे नोंदवतो.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ३२,८२५, म्हणजे जवळपास पाचात एक, पायी चालणारी होती. मेल्यावर त्यांची मोजणी चोख होते.

२. वाट तुटते एका ठिकाणी, पैसा मिळतो किलोमीटरला

दुसरी पायरी माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. जंगलातल्या गावाची अडचण बहुधा सगळ्या अंतरभर पसरलेली नसते. उन्हाळ्यात पायवाट ठणठणीत असते, सायकल सहज जाते. जून संपता संपता ती वाट एका जागी तुटते, नाल्यावर. भामरागडला हे तालुक्याच्या ठिकाणीच दिसते. पर्लकोटा नदीच्या पुराने जुना ठेंगणा पूल पाण्याखाली गेला की अख्ख्या तालुक्याचा संपर्क तुटतो, म्हणून त्याची बातमी होते. त्याच तालुक्यातल्या टोल्याटोल्यांत, म्हणजे छोट्या पाड्यांत, अनाम नाल्यांवर तेच पावसाळाभर घडते, त्याची होत नाही.

जुलै २०२४मध्ये आलापल्ली–भामरागड महामार्गावर कुडकेली इथे एका गर्भवतीला जेसीबीच्या पुढच्या बकेटमध्ये बसवून नाल्यापलीकडे न्यावे लागले. चित्रफीत राज्यभर फिरली आणि 'अजून रस्ता नाही' अशी हळहळ झाली. वस्तुस्थिती उलट होती. तिथे राष्ट्रीय महामार्गाचे काम चालू होते, आणि त्या कामासाठी केलेला पर्यायी रस्ता पाण्याने तोडला होता. महामार्ग बांधताना पावसाळ्यात चालणाऱ्याने नाला कसा ओलांडायचा हा प्रश्न आराखड्यात नव्हता.

आपल्या योजना किलोमीटरच्या भाषेत चालतात. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २०००ला सुरू झाली. मैदानी भागात ५०० आणि आदिवासी वा डोंगरी भागात २५० लोकसंख्येच्या वस्त्या तिने रस्त्याने जोडायला घेतल्या, नक्षलग्रस्त तालुक्यांत ही अट १००पर्यंत खाली आणली. ही मोठी गोष्ट होती, तिने देश बदलला. पण शंभराच्या आतली वस्ती, आणि वस्तीपासून शेत, बाजार, शाळा, रेशन दुकान इथपर्यंतची रोजची वाट या चौकटीबाहेर राहिली. २०१६ साली नक्षलग्रस्त भागांसाठी वेगळी रस्ते योजना आली, तेव्हा रस्त्यांची निवड सुरक्षा दलांच्या सल्ल्याने झाली. १ मे २०१९ला जांभूळखेड्याजवळच्या स्फोटात १५ पोलीस आणि एक चालक मारले गेले, त्याच पहाटे दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली गेली. अशा काळात रस्त्यांचा नकाशा पोलीस ठाण्यांच्या गरजेने आखला गेला याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. मात्र ऑक्टोबर २०२५मध्ये माओवादी नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. आता तरी हा नकाशा दुसऱ्या कुणाच्या तरी गरजेने आखायला हरकत नसावी.

किलोमीटरऐवजी तुटीच्या जागा मोजल्या, तर खर्चाचे स्वरूपच बदलते. सहा किलोमीटरच्या वाटेवर दोन नाले असतील तर दोन छोटे पूल, चिखलाच्या पट्ट्यावर दगडी सोलिंग आणि उरलेल्या ठिकाणी पाणी वाहून जाईल अशी चर, एवढ्याने ती वाट बारमाही होते. मोटार जाणार नाही. माणूस, सायकल, आणि अडचणीच्या वेळी खाटेवरचा रुग्ण जाईल.

कोकणात हे वेगळे सांगावे लागत नाही. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, ही सरकारी कामांतली रुळलेली बाब आहे, आमदार त्यासाठी भांडतात, जिल्हा नियोजनात त्याला जागा मिळते. इंद्रावती आणि गोदावरीच्या खोऱ्यांतल्या नाल्यांना तेवढाच पूर येतो. त्यांच्या वतीने भांडणारे कमी आहेत.

जगात याचा अभ्यासही झाला आहे. निकाराग्वातल्या अचानक पुराने तुटणाऱ्या खेड्यांत पादचारी पूल बांधले गेले तेव्हा वायट ब्रूक्स आणि केव्हिन डोनोव्हन या अर्थतज्ज्ञांनी तीन वर्षे कुटुंबांची मिळकत नोंदवली. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पुराच्या आठवड्यांत मजुरीत येणारी घट पुलामुळे नाहीशी झाली. त्याहून विचार करायला लावणारे असे की शेतीतला नफाही वाढला, कारण वाट तुटणार नाही या भरवशावर लोक खतावर जास्त पैसे घालू लागले. मोटारीचा एक मीटर रस्ता न बांधता हे झाले.

३. सायकल दिली, वाट दिली नाही

महाराष्ट्र सरकारने सायकलीवर पैसा खर्च केलाच नाही असे म्हणता येणार नाही. मानव विकास कार्यक्रमात, ज्यात गडचिरोली सुरुवातीपासून आहे, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर सायकलीसाठी अनुदान मिळते. आधी ते ३,५०० रुपये होते, २०२२मध्ये ५,००० झाले. त्यापुढच्या अंतरासाठी मुलींच्या निळ्या एसटी गाड्या आहेत. योजना चांगली आहे. बिहारने २००६मध्ये मुलींना सायकली दिल्या, त्याचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी केला. माध्यमिक शाळेत वयानुसार दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगा-मुलगी यांतली दरी ४० टक्क्यांनी घटल्याचे त्यांना दिसले. परिणाम सर्वांत ठळक होता तो शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत.

सायकलीचे गणित साधे आहे. चालणारा तासाला चार किलोमीटर जातो, सायकलवाला बारा. पोच तिपटीने वाढली की त्या पोचेत येणारे क्षेत्र नऊपट होते, म्हणजे नऊपट शाळा, दवाखाने, बाजार आणि मजुरीच्या जागा. पण हे गणित चाक फिरले तर खरे. जुलै ते सप्टेंबर, म्हणजे शाळेचे पहिले सत्र, सायकल खांद्यावर घेऊन नाला ओलांडायचा असेल तर पाच हजारांची ती वस्तू घराच्या भिंतीला टेकून राहते. सरकारने वस्तू दिली कारण वस्तू वाटता येते, फोटो निघतो, संख्या लिहिता येते. वाट कुणाला वाटणार?

एसटीबद्दलही थोडे. १ जानेवारी २०२५ला गट्टा–गर्देवाडा–वांगेतुरी मार्गावर पहिल्यांदा बस धावली, मुख्यमंत्री स्वतः तीत बसले. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी आलेल्या बसचे कौतुक व्हायलाच हवे. पण बस मोठ्या रस्त्याने जाते, टोला आत असतो. थांब्यापर्यंतची वाट धड नसेल तर बसचा उपयोग थांब्याजवळ राहणाऱ्यालाच होतो.

४. कायदा आहे, पैसाही आहे

आता असा समज करून घेऊ नये की यासाठी नवा कायदा लागेल. २००६च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार गावासाठीच्या तेरा प्रकारच्या सुविधांना वनजमीन देता येते. शाळा, अंगणवाडी, पाण्याची टाकी यांबरोबर रस्तेही त्यात आहेत. अटी तीन: प्रत्येक कामाला एक हेक्टरहून कमी जमीन, हेक्टरी ७५हून जास्त झाडे तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस. आता हिशेब करा. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. साडेसात मीटर रुंदीच्या रस्त्याला ही जमीन सव्वा किलोमीटरच्या थोडे पुढेपर्यंत पुरते. दोन मीटर रुंदीच्या वाटेला ती जवळपास पाच किलोमीटर पुरते. मुलींच्या सायकल योजनेची मर्यादाही पाच किलोमीटरच आहे. दोन वेगळ्या खात्यांच्या दोन कागदांवर हे आकडे कधीचे पडून आहेत, त्यांची गाठ कुणी घातली नाही.

विदर्भाला तर याहून जुना आधार आहे. मध्य प्रांताच्या काळापासून चालत आलेले निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम १६१ आणि १६५मध्ये कायम राहिले, आणि वाजिब-उल-अर्जात जाण्यायेण्याच्या वाटेचा हक्क नोंदवायचा असतो. वनहक्क कायद्यानेही निस्ताराला, म्हणजे जंगलातून रोजच्या गरजा भागवण्याच्या गावाच्या रिवाजाला, सामूहिक हक्क मानले. गावाच्या नकाशात पायमार्ग तुटक रेषेने दाखवतात, त्याला सव्वाआठ फूट रुंदी धरलेली आहे. म्हणजे पायवाट ही महसुली नोंदीत मालमत्ता आहे. अर्थसंकल्पात ती नाही.

पैशांचे मार्ग मला तीन दिसतात. पहिला पेसा कायद्याखालचा पाच टक्के अबंध निधी, जो २०१५पासून अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि ज्यात पायाभूत सुविधा ही एक बाब आहे. रक्कम छोटी असते, पण छोट्या पुलाच्या मापाची असते. दुसरा पांदण रस्त्यांचा. मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेने नोव्हेंबर २०२१मध्ये पांदणांना प्रतिष्ठा दिली, पण ट्रॅक्टर डोळ्यांपुढे ठेवून. तीच चौकट दोन मीटरच्या वाटेला लावायला कुणाचा विरोध असण्याचे कारण नाही.

तिसरा मार्ग सर्वांत मोठा आणि सर्वांत वादाचा, जिल्हा खनिज प्रतिष्ठान. खाणविषयक कायद्यातल्या २०१५च्या दुरुस्तीनंतर जुन्या खाणपट्ट्यांच्या स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि लिलावातल्या पट्ट्यांच्या १० टक्के रक्कम बाधित भागासाठी जमा होते. चंद्रपुरात कोळसा आणि सिमेंटचा चुनखडक, गडचिरोलीत सुरजागडचे लोखंड. मार्गदर्शक सूचनांत रस्ते-पूल 'इतर प्राधान्य' गटात मोडतात आणि २०२४मध्ये त्या गटाचा वाटा ४० टक्क्यांवरून ३०वर आला. मला हा बदल अडचणीचा वाटत नाही, उलट वाद घालायची संधी वाटते. शाळेच्या वाटेवरचा पादचारी पूल शिक्षणाच्या खर्चात का धरू नये? उपकेंद्राच्या वाटेवरचा आरोग्यात का नाही? डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गडचिरोलीत घरोघरी नवजात बालसेवा देऊन बालमृत्यू खाली आणले, ते गावातल्या आरोग्यदूत बायांच्या पायांवर. आरोग्यसेवा तिथे पायी पोचते, मग पायवाट आरोग्याच्या पैशांतून का होऊ नये?

५. आक्षेप

"वाघाचे काय?" चंद्रपुरात हा आक्षेप सर्वांत आधी येतो आणि तो गंभीर आहे. फेब्रुवारी २०२२मध्ये चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात कामावरून रात्री घरी निघालेल्या कंत्राटी कामगाराला वाघाने मारले. मे २०२५मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी बळी गेल्या. चांगल्या वाटेने हे थांबले असते असा दावा मी करणार नाही, तेंदूपत्ता वाटेवर मिळत नाही. पण वाघ आहे म्हणून लोकांनी चालणे थांबवलेले नाही आणि थांबवू शकणारही नाहीत. मग निवड उरते ती कडेला झुडपे माजलेल्या, दहा फुटांपुढचे न दिसणाऱ्या वाटेची की दोन्ही बाजूंनी झुडपे साफ ठेवलेल्या, ठरावीक वेळी घोळक्याने वापरायच्या वाटेची. गावाच्या तोंडाशी आणि कारखान्याच्या फाटकापासून वस्तीपर्यंत दिवे लागतील, जंगलात लागणार नाहीत. कोणती वाट कोणत्या महिन्यात बंद ठेवायची हे वनखाते आणि ग्रामसभा मिळून ठरवतील. ताडोबाच्या गाभ्यात हे काहीच करू नये, हेही सांगून टाकतो.

"जंगल कापले जाईल." हा आक्षेप दोन मीटरच्या वाटेवर घेणाऱ्यांनी चौपदरी खनिज मार्गावर तेवढ्याच जोराने घेतला असेल, तर मी ऐकायला तयार आहे.

"देखभाल कोण करणार?" मला हा प्रश्न उलटा वाटतो. आज देखभाल कोण करते आहे? पावसाळ्याच्या तोंडावर कितीतरी गावे बांबू आणि लाकडाचे पूल स्वतः उभारतात, पुराने नेले की पुन्हा उभारतात. वर्तमानपत्रांत त्याचे 'श्रमदानाचा आदर्श' म्हणून कौतुक छापून येते. तो आदर्श नाही, तो सरकारने टाळलेला खर्च आहे, आणि तो राज्यातल्या सर्वांत गरीब माणसांकडून मजुरीच्या दिवसांच्या रूपाने दरवर्षी वसूल होतो. नेपाळने १९६४मध्ये झुलत्या पुलांसाठी सरकारी विभाग काढला. पुढे तिथे वाटणी अशी रुळली की पोलादी दोर आणि अभियंता बाहेरून येतो, अंगमेहनत आणि राखण गावाची. हजारो पूल त्यातून झाले. आपल्या शेजारच्या कर्नाटकात सुळ्याच्या गिरीश भारद्वाज यांनी शंभरावर पादचारी पूल उभारले, २०१७मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तंत्र परदेशातून आणावे लागणार नाही.

"ग्रामसभेला हे झेपेल का?" धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचे आणि बांबूचे लिलाव स्वतः केले, व्यापाऱ्यांशी भांडल्या, काही फसल्या, बऱ्याचशा सावरल्या. लिलाव करणाऱ्या ग्रामसभेला कुठल्या नाल्यावर पूल हवा हे ठरवता येणार नाही, असे म्हणणे धाडसाचे आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत चांगल्या माणसांकडून येतो. "शहरांना महामार्ग आणि आदिवासींना पायवाट? समृद्धी महामार्ग गडचिरोलीपर्यंत येणार आणि तुम्ही त्यांना सायकलवर ठेवणार?" यातला राग मला मान्य आहे. पण महामार्गावर चढायला आधी वाहन लागते. आज ज्याच्याकडे वाहन नाही त्याला ते येईपर्यंत थांब म्हणणे, आणि तोवर त्याच्या नावाने झालेला खर्च वाहनवाल्यासाठी वापरणे, याला समता म्हणता येणार नाही. मोटारसायकल घेतलेल्या घरातही ती एकच असते. ती बहुधा घरातला पुरुष नेतो, आणि बाई, मुलगी, म्हातारा पायीच राहतात. पुण्याने पदपथ मागितला तर तो नागरी हक्क ठरतो, मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पदपथाला जगण्याच्या हक्कात बसवले. एटापल्लीच्या माणसाने तेच मागितले तर ते मागासलेपण कसे?

६. काय मोजायचे

लेखाशीर्ष उघडले की पहिल्याच वर्षी कंत्राटदार त्याला किलोमीटरमध्ये फिरवतील, हा धोका खरा आहे. म्हणून मापन आधी ठरवले पाहिजे. प्रत्येक ग्रामसभेने शाळा, दवाखाना, रेशन, बाजार आणि बसथांबा या पाच ठिकाणांच्या वाटा व त्या कुठे तुटतात त्या जागा लिहायच्या, बायकांच्या वेगळ्या बैठकीत एकदा आणि सर्वांच्या बैठकीत एकदा, कारण दोन याद्या सारख्या येणार नाहीत. पुढे दरवर्षी एवढेच पाहायचे की जुलै ते सप्टेंबरमध्ये त्यांतली कोणती वाट किती दिवस बंद राहिली. ही नोंद अंगणवाडी सेविका किंवा शिक्षक ठेवू शकतात, नाला अडला की पटावर ती दिसतेच. वाट बंद राहण्याचे दिवस कमी झाले नाहीत तर पुढचा हप्ता थांबवावा. पुलाची रुंदी दोन मीटरच्या वर नेण्याचा प्रस्ताव आला तर तो या लेखाशीर्षातून बाद व्हावा आणि रस्त्यांच्या योजनेकडे जावा. नाहीतर पाच वर्षांत त्यावरून ट्रॅक्टर जातील, दहा वर्षांत टिप्पर, आणि पायी चालणारा पुन्हा कडेच्या चिखलात उतरेल.

जिल्हा नियोजन समितीचा आराखडा हिवाळ्यात तयार होतो. ग्रामसभांच्या याद्या त्याआधी, पावसाळा ओसरता ओसरता करायला हव्यात, कारण तेव्हा कुठला नाला किती दिवस अडला हे गावाला तारखेनिशी आठवत असते.